वार्षिक सरासरीत हरवलेला डिसेंबर

आजच्या लेखात मी एका गणितावर टीका करणार आहे. गणित अगदी साधं आहे, लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते त्यामुळे बऱ्याच लोकांची झोप उडते. शब्दशः.

माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे ग्रिडला न जोडलेल्या छोट्या सौरयंत्रणा. अशा यंत्रणा वापरणारी माणसं एकगठ्ठा भेटण्याची एक जागा म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं क्वार्ट्झसाइट. गाव इवलंसं, पण हिवाळ्यात आजूबाजूच्या सरकारी वाळवंटात ट्रेलर आणि व्हॅन घेऊन लोक महिनोन् महिने मुक्काम ठोकतात. त्यांत निवृत्त मंडळी भरपूर. गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, छतावर सोलर पॅनेल, आत बॅटरी. विजेचं कनेक्शन नाही. गेल्या डिसेंबरात एका मित्राचा छोटा ट्रेलर घेऊन आम्ही मोजमापं करायला तिथे गेलो होतो.

आता ते गणित बघा. ट्रेलरला किती पॅनेल लागेल, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं: रोजची गरज वॉट-अवरमध्ये मोजा, तिला 'सूर्यतासां'नी भागा, झालं. सूर्यतास म्हणजे दिवसभरात पडलेलं सगळं ऊन जर भर दुपारच्या ताकदीनं पडलं असतं, तर ते किती तास पुरलं असतं, तो आकडा. दक्षिण अ‍ॅरिझोनात योग्य कोनात कललेल्या पॅनेलसाठी वर्षाची सरासरी साधारण ६.५ येते.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा होते. त्यांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा विकार. त्यामुळे रात्रभर सीपॅप मशीन लागतं. त्यांनी हिशोब वहीत लिहून ठेवला होता: फ्रिज ४००, सीपॅप २४०, दिवे-पंप-फोन ११०. एकूण ७५० वॉट-अवर. भागिले ६.५, म्हणजे सुमारे ११५ वॉट. बिचाऱ्यांनी कंजुषी केली नाही, थेट २०० वॉटचं पॅनेल बसवलं. कागदावर रोजचे १३०० वॉट-अवर, गरजेच्या जवळपास पावणेदोन पट!

दुसऱ्याच पहाटे चारच्या सुमाराला मशीन बंद पडलं. आजोबा दचकून उठले आणि उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. सकाळी मला विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. सूत्र चुकीचं, आणि बोट मात्र वापरणाऱ्याकडे: 'तुम्ही वीज जास्त वापरली असणार.'

चूक कुठे आहे? क्वार्ट्झसाइट सुमारे ३३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फक्त ३३ अंश वर येतो. छतावर आडवं झोपवलेलं पॅनेल त्या वेळी थेट उन्हाचा जेमतेम ५४ टक्के भाग घेऊ शकतं. वर दिवसही लहान. आडव्या पॅनेलला त्या महिन्यात मिळतात साधारण ३ सूर्यतास. म्हणजे १३०० चे झाले ६००.

पुढची गळती चार्ज कंट्रोलरमध्ये. आजोबांकडे स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर होता. तो पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो. शंभर वॉटचं पॅनेल साधारण १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देतं; तेच १३ व्होल्टवर आणलं की उरतात ७२ वॉट. ६०० चे झाले ४३०. धूळ आणि वायर यांनी आणखी दहाएक टक्के खाल्ले. हातात राहिले ३९०.

खर्चाची बाजूही बदललेली. थंडीत फ्रिज कमी खातो, ३०० धरू. पण वाळवंटातली रात्र कडाक्याची, त्यामुळे गॅसच्या हीटरचा पंखा चालतो. ४० वॉटनं पाच तास, म्हणजे २०० वॉट-अवर. एकूण झाले ८५०. जमा ३९०, खर्च ८५०. त्यात बॅटरी लेड-अ‍ॅसिडची, १२०० वॉट-अवरची. ती निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात. चौदा तासांच्या पहिल्या रात्रीनंतरच ती निम्म्यावर आली होती. दुसऱ्या पहाटे जवळजवळ रिकामी झाली. कुणाचा हलगर्जीपणा नाही, सरळ वजाबाकी आहे.

लोकप्रिय सूत्राच्या बाजूनंही बोलायला हवं. ते सोपं आहे, त्यामुळे लोक निदान वही-पेन घेऊन बसतात. उन्हाळ्यात फिरणाऱ्याला त्यात फारसा धोका नाही. पण जो माणूस फक्त हिवाळ्यात येणार आहे, त्याला जूनचं ऊन मिसळलेली सरासरी देणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आणि इंजिनिअर लोकांना हे नवीन नाही. आयईईईच्या १५६२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत स्वतंत्र सौरयंत्रणेचा आकार सर्वात वाईट महिन्यावरून ठरवायला सांगितलंय, आणि अत्यावश्यक उपकरणांसाठी वर राखीव भाग ठेवायलाही. हे ज्ञान वाळवंटातल्या ट्रेलरपर्यंत पोचत नाही, एवढंच.

उपाय काय? पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ५५-६० अंशांवर उभं केलं की डिसेंबरातही साधारण ५ सूर्यतास मिळतात. एमपीपीटी कंट्रोलर बसवला आणि बाकीची गळती वीस टक्के धरली, तर त्याच २०० वॉटमधून मिळतात ८००. दुप्पट! तरीही गरज ८५० ची आहे. सीपॅपसारख्या वस्तूसाठी तीस टक्के राखीव धरले तर लागतात ११०५, म्हणजे सुमारे २७६ वॉट. बाजारात जाऊन ३०० चं घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणार असाल, तर ती ट्रेलरच्या आत ठेवा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते.

आता थोडी टीका आम्हा संशोधकांवर. आमच्या क्षेत्रात यंत्रणेचा भरवसा मोजायला 'वीज न मिळण्याची संभाव्यता' वापरतात. समजा ती एक टक्का आली. ऐकायला झकास. पण वर्षाच्या ८७६० तासांचा एक टक्का म्हणजे जवळजवळ ८८ तास, आणि ते वर्षभर सारखे पसरलेले नसतात. आजोबांसारख्यांच्या बाबतीत ते हिवाळ्याच्या पहाटे दाटीवाटीनं येऊन बसतात. जुलैच्या दुपारी तासभर फ्रिज बंद पडणं आणि डिसेंबरात पहाटे चारला श्वासाचं मशीन बंद पडणं, आमच्या आकड्यात दोन्ही एकच. मीही दोन वर्षं तोच आकडा अभिमानानं स्लाइडवर दाखवत होतो. आता प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी तो फोडून मांडतोय: कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला, आणि कोणतं उपकरण बंद पडतं.

तुम्ही म्हणाल, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाचं आम्हाला काय? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, आणि आपल्याकडेही छतावर पॅनेल लावलेल्या गाड्या फिरायला लागल्यात. पण वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. रत्नागिरीला डिसेंबरात आकाश निरभ्र असतं आणि दुपारचा सूर्य जवळजवळ ५० अंश वर असतो. तिथला वाईट काळ म्हणजे जुलै-ऑगस्टमधला ढगाळ पावसाळा, आणि ढगांपुढे पॅनेल कलवून काही उपयोग नाही. तिथे गरज कमी करणं, मोठी बॅटरी आणि गाडी चालताना इंजिनवरून चार्जिंग हेच खरे आधार. म्हणून विक्रेत्याला 'किती वॉट?' विचारण्याआधी 'माझा सर्वात वाईट महिना कोणता, आणि त्या महिन्यात किती मिळेल?' एवढं विचारा. उत्तरात वार्षिक सरासरी आली, तर दुसरं दुकान बघा.

आजोबांचं पॅनेल आम्ही त्याच दुपारी छतावरून काढून जमिनीवर लाकडाच्या टेकूवर उभं केलं. नवा कंट्रोलर येईपर्यंत त्यांनी हीटरचा पंखा बंद ठेवला आणि दोन गोधड्या जास्त घेतल्या. मशीन मात्र रात्रभर चाललं.