नागनिकेची विभक्ती

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज तेथे काही तुटक अवशेष आणि माथ्यावर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. त्यांतील एका नामपट्टात राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि राजा श्रीसातकर्णी ही नावे एकत्र येतात. दोन्ही षष्ठी विभक्तीत आहेत. राणीचे नाव आधी आहे. इतिहासकारांनी या लेण्याकडे प्रामुख्याने कालनिर्णयाचे साधन म्हणून पाहिले, तर अलीकडच्या लोकप्रिय लेखनाने त्यातून 'पराक्रमी राज्यकर्ती' घडवली. दोन्ही वाचनांत कोरीव लेख ही एक रचलेली संहिता आहे, याचा विसर पडतो.

लेण्याच्या भिंतींवरील मोठा लेख देवतावंदनाने सुरू होतो आणि अश्वमेध, राजसूय, गवामयन अशा यज्ञांची व त्यांतील दक्षिणांची नोंद करतो. गायी, हत्ती, घोडे, गावे, कार्षापणे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा येतो. या दानांच्या आधी राणीची विशेषणे आहेत: महारठीची कन्या, वेदिसिरीची माता, महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य आचरलेली. मग हे यज्ञ कोणी केले? काही अभ्यासकांनी यजमानपद राणीला दिले. इतरांनी, स्त्रीला स्वतंत्र यज्ञाधिकार नाही हे शास्त्र पुढे करून, ते राजाला दिले व तिला सहधर्मिणीच्या जागी ठेवले. लेखाचे मोक्याचे भाग झिजले आहेत, हे वादाचे एक कारण. दुसरे कारण खुद्द भाषेत आहे. प्राकृतात आकारान्त-ईकारान्त स्त्रीनामांची तृतीया आणि षष्ठी एकाच रूपाने दाखवली जाते. 'तिने' आणि 'तिचे' यांत शब्दरूपाने फरक उरत नाही. 'राजाने' आणि 'राजाचे' यांत मात्र तो उरतो. पुरुषाचे कर्तेपण प्रत्ययातच स्पष्ट होते. स्त्रीचे कर्तेपण वाचकाला ठरवावे लागते, आणि वाचक ते आपल्या शास्त्रानुसार ठरवतो.

व्याकरणाचा हा योगायोग आहे, कट नव्हे. त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारू नये. तरीही विशेषणांची निवड योगायोगाने होत नाही. सत्ता आणि संपत्ती यांचा एवढा विस्तार सांगण्यापूर्वी लेख तिचे व्रतस्थ शरीर उभे करतो. वैधव्यसदृश संयम हीच जणू तिच्या ऐश्वर्याच्या उच्चाराची पूर्वअट आहे.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. तो गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती म्हणून पाठ्यपुस्तकांत शिरला आहे. पण वाक्यरचना पाहिली तर ती अवाढव्य विशेषणमाला षष्ठीत आहे आणि 'माता' या शब्दाला जाऊन टेकते. देश जिंकणारा, क्षत्रियांचा दर्प मोडणारा पुत्र व्याकरणदृष्ट्या आईचे विशेषण होतो. लेणे करवणारी ती आहे. अर्थात, पुत्राशिवाय तिला एवढे मोठे वाक्य मिळाले नसते, हेही तितकेच खरे. (मातृनामावरून मातृसत्ता सिद्ध करणाऱ्यांनी 'गौतमी', 'वासिष्ठी' ही मातेची गोत्रनामे आहेत आणि गोत्र पित्याकडून येते, हे लक्षात घ्यावे.)

जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने कोरलेली आहेत. नाणेघाटाची वाट ज्या व्यापाराकडे जाई, त्याच्या दुसऱ्या टोकाला रोम होते. तेथे कोर्नेलियाच्या पुतळ्याची बैठक १८७८ साली सापडली. तिच्यावर कोर्नेलिया ही आफ्रिकानसची मुलगी आणि ग्राक्कसांची, एवढेच आहे. 'माता' हा शब्दही कोरलेला नाही. षष्ठी पुरेशी वाटली. नागनिकेप्रमाणेच तिची ओळख पित्याच्या आणि पुत्रांच्या मध्ये बसवलेली आहे. मात्र कोर्नेलियाच्या दगडावर कृती नाही. नाणेघाटात, कर्ता धूसर असूनही, दानांची यादी आहे, आणि आकड्यांना विभक्तीचा संदेह नसतो. नागनिकेचे सामर्थ्य शोधायचे तर ते विशेषणांपेक्षा या यादीत शोधावे लागेल.

राण्यांपलीकडे मात्र जुन्नरचे शिलालेख फारसे बोलत नाहीत. एका दानलेखात नगरातील धम्मुत्तरीय भिक्षुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख येतो. दात्याचे नाव त्यात आहे. भिक्षुणी अनेकवचनी आहेत, आणि त्यांतली एकही नावाने येत नाही.