चड्डी, मांजर आणि सुपरमॅन

सुपरमॅनने चड्डी पँटच्या आतून घालावी की वरून, हा प्रश्न माझ्या वयाच्या माणसाने मनाला लावून घेऊ नये, असे हिचे म्हणणे. पण १९३८ साली अमेरिकेत सीगल आणि शुस्टर या विशीतल्या दोन मित्रांनी त्याला छापील जगात आणला, तो लाल चड्डी वरून घालूनच! २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये ती गेली. गेली तर गेली. पण जाताना त्याचे हसूही घेऊन गेली.

१९७८ च्या चित्रपटातला ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन झाडावर अडकलेले मांजर काढून चिमुरडीच्या हातात देतो. २०१३ चा सुपरमॅन मारामारीत शहराचा चुराडा होऊ देतो आणि शेवटी झॉडची मान मोडतो.

“आजोबा, त्याचा नाइलाज होता. नाहीतर झॉडने त्या माणसांना जाळलं असतं,” नातू म्हणाला.

“अरे, नाइलाज तर आमचाही रोज होतो! त्यासाठी उडता कशाला यायला हवं?”

आपण जिथे हात टेकतो तिथे त्याला वेगळी वाट सापडते, एवढ्या भरवशावर तर आम्ही लहानपणी खांद्याला टॉवेल बांधून ओट्यावरून उड्या मारल्या.

२०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये लाल चड्डी परत आली. ऐन धुमश्चक्रीत हा गडी एका खारीला वाचवतो. मी थिएटरात टाळी वाजवली. हिने माझा हात खाली ओढला. मात्र डोळे तिनेही पुसले. एसीमुळे, म्हणे!