पेकोस : कादंबरींतील आणि खरें

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची 'डेथ कम्स फॉर दि आर्चबिशप' ही १९२७ सालची कादंबरी आमच्या आवडत्या पुस्तकांपैकीं आहे. न्यू मेक्सिकोंतील ओसाड माळ आणि तेथें आलेल्या एका फ्रेंच धर्मगुरूचें आयुष्य यांचें इतकें संयत चित्र क्वचितच पहावयास मिळतें. तथापि तींतील पेकोस गांवाचें प्रकरण आम्हांस दर वाचनीं अधिकच खटकूं लागलें आहे.

पेकोस हें प्वेब्लो लोकांचें गांव. १५४० सालीं स्पॅनिश स्वारी तेथें आली, तेव्हां त्याच्या मजल्यांवर मजले चढविलेल्या घरांतून सुमारें २००० माणसें रहात होतीं. पुढें मिशनऱ्यांनीं तेथें मोठें चर्च बांधलें. १६८० च्या उठावांत तें नष्ट झालें. त्याच जागीं १७१७ च्या सुमारास उभारलेल्या लहान चर्चच्या मातीच्या तांबूस भिंती आजही उभ्या आहेत. रोगराई आणि कोमांची टोळ्यांचे हल्ले यांमुळें वस्ती झिजत गेली. शेवटीं १८३८ त उरलींसुरलीं वीसएक माणसें पश्चिमेस सुमारें ८० मैलांवरील हेमेस गांवीं, आपलीच भाषा बोलणाऱ्यांत, रहावयास गेलीं.

कादंबरींत मात्र १८५० नंतरही पेकोस मरणोन्मुख अवस्थेंत पडलेलेंच आहे. खरें गांव त्यापूर्वींच ओस पडलें होतें, हें लेखिकेनें तळटीपेंत प्रांजळपणें सांगितलें आहे. तेवढी मुभा कादंबरीकारास असावी. आमची तक्रार निराळी आहे. अखंड जपलेला अग्नि, गुप्त ठेवलेला महासर्प आणि क्षीण होत जाणारें कुळ ही प्रवाशांच्या तोंडची दंतकथा. तिजवर सर्वस्वी विश्वास न ठेवतांही लेखिका तिचा रंग सोडीत नाहीं. त्यामुळें गांव मेलें एवढेंच वाचकाच्या मनांत उरतें. माणसें दुसरीकडे नांदलीं, हें त्या तळटीपेंतही नाहीं.

१९१५ पासून किडर या पुराणवस्तुसंशोधकानें तेथें उत्खनन केलें आणि सुमारें २००० मृतांचे अवशेष दूरच्या संग्रहांत गेले. ते १९९९ सालीं परत आले, तेव्हां हेमेसचे लोक पायीं चालत पेकोसला आले आणि त्यांनीं आपले पूर्वज पुन्हां त्याच भूमींत ठेविले. ज्या गांवाचा वंश खुंटला, तेथें असें कोणी चालत येत नाहीं.

पुस्तक अवश्य वाचावें. पेकोसच्या प्रकरणापाशीं आल्यावर मात्र वाचकांनीं हेमेसची वाट ध्यानांत ठेवावी, इतकीच आमची विनंति.