सांडव्याचे सौंदर्य

बांधलेल्या धबधब्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक प्रवासवर्णनात मोडते. ‘स्थापत्याचा अद्भुत चमत्कार’ एवढे म्हटले की लेखक मोकळा होतो आणि चिकित्सा तिथेच थांबते. चित्राची किंवा वाड्याची समीक्षा आपण करतो, तशी जलरचनेचीही करता येईल. त्यासाठी चार प्रश्न पुरेत असे मला वाटते. पाणी आले कुठून? वाटेत त्याने काय केले? पडून ते गेले कुठे? आणि पाणी नसताना मागे काय उरते?

सुरुवात धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गापासून करू. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून नळदुर्ग आणि रणमंडळ जोडले गेले. या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की सांडव्यांवरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन प्रपात कोसळतात. महालाच्या सज्जातून समोर पाण्याचा पडदा दिसतो, आत मात्र माणूस कोरडा राहतो. गाईड मंडळी या कोरडेपणाला गूढ ठरवतात. वास्तविक त्यात गूढ काही नाही. सांडव्याची कड पुढे काढली, तर पाणी भिंतीला न चिकटता सुटून पडते. कौतुक करायचे ते वेगळ्या गोष्टीचे. इथे धबधब्यासाठी पाणी आणलेले नाही. किल्ल्याच्या गरजेसाठी अडवलेले पाणी उरले, म्हणून धबधबा झाला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी नर-मादी गप्प असतात. तरीही बंधारा बंधारा म्हणून उभा असतो आणि रचनेला उणेपण येत नाही.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याच न्यायाने पाहावी. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलेले आहे. ते उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. पाणी चढवायला पंप नाही. उगम उंचावर असला की बंद नळातले पाणी जवळजवळ त्या पातळीपर्यंत आपोआप चढते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावरच्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे दालन उन्हाळ्यातही गार. उरलेले पाणी खाम नदीला. एकच पाणी चार कामे करते आणि डोळ्यांना दिसते ते फक्त शेवटचे, पडण्याचे. नळदुर्गापेक्षा ही रचना मला अधिक पक्की वाटते, कारण इथला देखावा पुराची वाट पाहत बसत नाही. तिची दुखरी जागा एकच. उगमाकडची वाट बुजली, नळ फुटले, की सगळे थांबते. देखभाल हा तिच्या रचनेचाच भाग आहे.

आता ज्याला कसलेही काम नाही असे कारंजे घेऊ. मुंबईचे फ्लोरा फाउंटन १८६४ मधले. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँडचा. ते मुळात व्हिक्टोरिया गार्डनसाठी योजले होते, उभे राहिले कोटाच्या जुन्या चर्चगेटच्या जागी. ते निव्वळ शोभेचे आहे आणि तसे ते लपवतही नाही. पाणी बंद असतानाही शिल्प उरते. पण पाणी बंद आणि दगडावर रंगाचे थर, अशा अवस्थेत ते केवळ रस्त्यामधला अडथळा वाटे. २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर धारा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा पायऱ्या-पायऱ्यांच्या शिंपल्यांचा अर्थ उलगडला. चौथ्या प्रश्नावर ते अर्ध्या गुणांनी पास होते.

आणि आजचा रिसॉर्टमधला, गृहसंकुलातला धबधबा? जाळीवर सिमेंट थापून केलेले खडक, खाली टाकी, कोपऱ्यात पंप. त्याचा हिशेब मांडून पाहू. दहा मीटर रुंद कडेवरून एक सेंटिमीटर जाडीचे पाणी सोडायचे, तर तासाला सुमारे ६५ हजार लिटर पाणी वर चढवावे लागते. पाच मीटर उंचीसाठी पंपाला दीड-दोन किलोवॅट वीज लागते. पाणी तेच ते फिरत असल्याने ‘लाखो लिटरची नासाडी’ हा नेहमीचा आरोप खरा नाही. पण शंभर चौरस मीटरच्या हौदातून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रोज आठशे ते हजार लिटर पाण्याची वाफ होते, तुषार वेगळे. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने हे पंधरा ते अठरा माणसांचे पाणी झाले. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हा आकडा लहान नाही.

तरी माझा मुख्य आक्षेप कलेच्या अंगाने आहे. असा धबधबा निसर्गाची नक्कल करतो आणि स्वतःची यंत्रणा लपवतो. बटण बंद केले की उरतात क्षारांचे पांढरे ओघळ आणि आतून पोकळ वाजणारे खडक. पाणी नसतानाची अवस्था आराखड्यात कुणी काढलेलीच नसते, आणि आपल्याकडे वर्षाचे आठ महिने तीच अवस्था खरी.

यावर उपाय महागडा नाही. छपराचे पावसाचे पाणी टाकीत, टाकी भरली की दगडी सांडव्यावरून बागेत, बागेतून विहिरीच्या पुनर्भरणाला. असा धबधबा वर्षातून थोडेच दिवस वाहील. उरलेले दिवस ती पायऱ्यांची चांगली भिंत असेल, तिच्यावर बसता येईल. पाऊस आला की घरातली मुले तो सुरू झाला का, हे पाहायला धावतील. बटणाने चालणाऱ्या धबधब्याकडे असे कुणी धावत नाही.