चाल कोणाची?

गेल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या कॉलेजांतील एका वृद्ध शिपायास निरोप देण्याचा समारंभ झाला. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं तासांची घंटा वाजविली. सारें कॉलेज त्यांस ‘मामा’ म्हणून ओळखतें. अध्यक्षस्थानीं प्रस्तुत लेखकास बसविण्यांत आलें होतें. विद्यार्थ्यांनीं ह्या प्रसंगासाठीं तयार केलेलें एक गीत ध्वनिवर्धकावरून ऐकविलें. गळा गोड, चाल यमनाच्या वळणाची, अंतऱ्याच्या शेवटीं सतारीचा एक हळुवार तुकडा. मामांच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि खरें सांगावयाचें तर माझ्याहि. समारोपाच्या भाषणांत मीं चाल बांधणाऱ्या विद्यार्थ्याची मुक्तकंठानें स्तुति केली; मराठी भावगीताचें भवितव्य सुरक्षित हातीं आहे असें एक वाक्यहि, अध्यक्षाच्या अधिकारानें, ठोकून दिलें. सभा संपल्यावर तो विद्यार्थी मान खालीं घालून जवळ आला व म्हणाला, “सर, चाल मी नाहीं बांधली. काय हवें तें चार ओळींत लिहून दिलें. गीत, चाल, गळा, सतार, सगळें यंत्रानें केलें. मिनिटभर लागला असेल.”

फजिती झाली ती माझी, हें उघड आहे. आणि प्रश्न तेवढाच असता तर ह्या मासिकाचीं पानें मीं अडविलीं नसतीं. परंतु कलाकृतींचा परामर्श घेण्यांतच ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या कानास मनुष्याची कृति व यंत्राची कृति ह्यांतील भेद कळूं नये, ह्याचा अर्थ काय समजावा? भेदच नाहीं, कीं कान अपुरा? कीं भेद आहे तो नुसत्या कानानें ऐकावयाचा नाहींच?

असें फसणारा मी पहिला नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेंतील ओरेगन विद्यापीठांत एक मौजेचा जलसा झाला. श्रोत्यांस पियानोवर तीन रचना ऐकविल्या. एक योहान सेबास्टियन बाख ह्या जर्मन संगीतकाराची. दुसरी त्याच धर्तीवर स्टीव्ह लार्सन नांवाच्या तेथील अध्यापकानें केलेली. तिसरी संगणकानें केलेली. कोणती कोणाची हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें होतें. बहुमतानें संगणकाची रचना बाखची ठरली, आणि लार्सन ह्या जिवंत माणसाची रचना संगणकाची ठरली! बिचाऱ्या लार्सन ह्यांस वाईट वाटलें ह्यांत नवल नाहीं.

तो संगणक शिकविला होता डेव्हिड कोप ह्यांनीं. हे कॅलिफोर्नियांतील सांताक्रूझ येथें संगीताचे प्राध्यापक होते व स्वतः रचनाकार होते. १९८१ च्या सुमारास एक ऑपेरा लिहिण्याचें त्यांनीं पत्करलें, आणि त्यांस कांहीं केल्या स्वर सुचेनात. ह्या अडचणींतून त्यांचा उद्योग सुरू झाला. प्रथम त्यांनीं यंत्रास स्वरमेळाचे नियम शिकविले. त्यांतून निघालें तें निर्दोष होतें, पण निर्जीव. मग त्यांनीं नियमांचा नाद सोडून प्रत्यक्ष बाखच्याच रचना यंत्रांत घातल्या, त्यांचे लहान लहान तुकडे पाडले, आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता शोभेल ह्याचें गणित बसविलें. अनेक रचनांतून पुनः पुनः येणाऱ्या ज्या लकबी असतात, ज्यांस आपल्याकडे गवयाच्या ‘जागा’ म्हणतात, त्या मात्र मोडूं दिल्या नाहींत. कोप त्यांस स्वाक्षऱ्या म्हणत. ह्या यंत्ररचनाकारास ‘एमी’ असें लाडकें नांव मिळालें. एमीनें बाख लिहिला, मोझार्ट लिहिला, शोपँहि लिहिला. बुद्धि व यंत्र ह्यांवर जन्मभर विचार केलेले डग्लस हॉफस्टाटर ह्यांनीं एमीची शोपँच्या धर्तीची एक रचना स्वतः पियानोवर वाजवून पाहिली, आणि ते अस्वस्थ झाले. असें संगीत रचावयास यंत्रानें आधीं जगांत हिंडावें लागेल, सुखदुःखें भोगावीं लागतील, असें त्यांनीं १९७९ च्या आपल्या ग्रंथांत मानलें होतें. एमी कोठें हिंडली नव्हती. मग शोपँच्या स्वरांत आपल्याला जो जीव वाटत होता तो होता तरी कोठें, ही त्यांची व्यथा. ती मला प्रामाणिक वाटते. यंत्राला आत्मा नाहीं, म्हणून त्याचें संगीत मेलेलें, असें म्हणून हात झाडणाऱ्यांपेक्षां हॉफस्टाटर अधिक सरळ आहेत. कारण ओरेगनच्या श्रोत्यांस तें मेलेलें वाटलें नाहीं, आणि मलाहि नाहीं.

अनुकरण म्हणून एमीला हिणविण्याचा आपल्याला तर मुळींच अधिकार नाहीं. आपलें नाट्यसंगीत उभें आहे तें चालींवर. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून नाटकाचें कोणतेंहि जुनें पुस्तक उघडावें, पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द आणि पुढें मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले सांपडतील. कधीं कानडी पद, कधीं लावणी, कधीं एखादी चीज. १९१६ च्या ‘स्वयंवरा’साठीं भास्करबुवा बखले ह्यांनीं पदांस ज्या चाली दिल्या, त्यांच्यामागेंहि परंपरागत चिजांचें धन होतें. त्यांत कोणास चोरी वाटली नाहीं; कारण ऋण डोक्यावर छापलेलें असे, आणि जुन्या चालींत नवा प्रसंग ओतण्याचें काम उघडपणें सर्वांसमक्ष चाललेलें असे.

आणि बाखनें तरी काय केलें? त्याच्या कोरलांच्या, म्हणजे चार आवाजांत बांधलेल्या भक्तिगीतांच्या, चाली बव्हंशीं त्याच्या नव्हतच. त्या चर्चमध्यें पिढ्यान् पिढ्या गाइल्या जात होत्या. त्यांतील एका चालीची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हान्स लिओ हासलर ह्या रचनाकारानें १६०१ सालीं एक प्रेमगीत छापलें. पुढें त्याची चाल भक्तिगीतास लावली गेली, आणि शंभराहून अधिक वर्षांनीं बाखनें ती आपल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्यें, येशूच्या अखेरच्या दिवसांच्या त्या महान संगीतकथेंत, घेतली. एकदां नव्हे, पांच वेळां. वरची चाल प्रत्येक वेळीं तीच. परंतु खालचे तीन आवाज बहुतेक वेळीं निराळे, कारण प्रत्येक वेळीं कथा निराळ्या ठिकाणीं आलेली असते व शब्द निराळे असतात. पांचवी वेळ येते ती येशूनें प्राण सोडल्याबरोबर. तेथें तीच ओळखीची चाल खालच्या स्वरांच्या अंधारांत अशी उतरते, कीं ऐकणाऱ्यास आपण ती आधीं चार वेळां ऐकली हें आठवून अधिकच गलबलतें. आतां ह्या पांचांपैकीं एक उचलून मला एकटी ऐकविली, आणि शेजारीं एमीचा एक कोरल ठेवला, तर बाख कोणता हें मला सांगतां येईल अशी हमी मी देत नाहीं. परंतु तसें ऐकविणें हीच त्या पांचव्या कोरलाची हत्या आहे. त्याचें मर्म स्वरांत नाहीं असें नव्हे. स्वरांत आहे, पण ते स्वर तेथें कां आले ह्यांत आहे.

गंमत अशी, कीं ही हत्या प्रथम यंत्रानें केली नाहीं. बाखच्या मृत्यूनंतर १७८४ ते १७८७ ह्या काळांत त्याचे ३७१ कोरल छापले गेले. संपादनांत त्याचा मुलगाहि होता, आणि त्या संग्रहांत शब्द गाळलेले होते. ज्या ज्या विद्यार्थ्यानें स्वरमेळ शिकावयास तो संग्रह घेतला त्यानें बाख शिकला तो असा, प्रसंगावांचून आणि शब्दांवांचून. असा सोललेला बाख यंत्राच्या हातीं पडला तर त्यानें त्याचे तुकडे सुखानें जुळवावे ह्यांत आश्चर्य कसलें? एमीच्या कोरलांसहि शब्द नाहींत. एकदां यंत्र चालू करून कोप खाणें आणावयास बाहेर गेले, आणि परत येतात तों पांच हजार कोरल तयार होते, ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितली आहे. पांच हजार! पण त्यांतला एकहि कोणाच्या मरणानंतरचा नाहीं.

कोप ह्यांच्यावर मात्र माझा रोष नाहीं, उलट त्यांच्याविषयीं आदर वाढला आहे. त्यांनीं शेवटीं स्वतःच्याच रचना एमीला घालून पाहिल्या. जी लकब आपली म्हणून ते बाळगीत होते, तींत लिगेती ह्या दुसऱ्याच रचनाकाराची छाया त्यांस ऐकूं आली. आरशांत पाहावें आणि दुसऱ्याचा चेहरा दिसावा, तसें हें झालें. तें ओळखूनच ते पुढें गेले व अडलेला ऑपेरा पुरा झाला. पुढें त्यांनीं एमीचा सांठाच नष्ट करून टाकला. जी वस्तु कधीं संपतच नाहीं तिच्यातील एका कृतीसाठीं कोणी थांबत नाहीं, हें त्यांस उमगलें होतें. यंत्राचा ह्याहून चांगला उपयोग मला माहीत नाहीं.

२०२३ च्या अखेरीपासून सर्वांच्या हातीं आलेलीं ‘सुनो’, ‘युडियो’ हीं यंत्रें ह्या जातीचीं नाहींत. एमी निदान उघड सांगे, कीं चाल बाखची. हीं कांहींच सांगत नाहींत. २०२४ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं ह्या दोघांवर फिर्यादी गुदरल्या. पुढें त्यांतील कांहीं तडजोडीनें मिटल्या. इंटरनेटवर खुलें मिळणारें बहुतेक सारें ऐकण्याजोगें संगीत आपण यंत्रास शिकविण्यासाठीं वापरलें, आणि तें न्याय्य आहे, असें सुनोनें न्यायालयास दिलेल्या उत्तरांत म्हटलें. कायदा काय म्हणेल तो म्हणो. माझ्या विद्यार्थ्याच्या गीताच्या डोक्यावर ‘चाल’ हा शब्द छापावयाचा झाला तर त्यापुढें काय लिहावें, एवढेंच मला कोणी सांगावें. कोणत्या गायिकेचा श्वास, कोणत्या सतारियाचा हात, कोणा संगीतकारानें रात्र जागून बसविलेली ती यमनाची वळणी? सर्वांची चाल ती कोणाचीच नव्हे. आणि ज्याचें ऋण कोणाचेंच नाहीं असें गीत मामांच्या निरोपाला जितकें शोभलें, तितकेंच एखाद्या बँकेच्या मॅनेजराच्या निरोपालाहि शोभलें असतें. त्यांत घंटा नव्हती.

हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें. आलें नाहीं, कारण मीं चाल ऐकली व प्रसंग ऐकला नाहीं. दोष माझा अधिक आहे, हें मला आणखी एका कारणानें कबूल करावें लागतें. “तूं तर पेटीवर स्वतः चाली बांधीत होतास, मग यंत्राकडे कां गेलास?” असें मीं त्या मुलास विचारलें, तेव्हां तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, “सर, मागल्या वर्षीं तुम्हीच म्हणालांत, चाल अजून कच्ची आहे.”

म्हणालों होतों खरा. तेंहि चारचौघांत, हंसत. ती चाल कच्चीच होती. दुसऱ्या अंतऱ्यांत ताल पुढें पळाला होता आणि तार षड्जावर गळा फाटला होता. परंतु तींत आमच्या वर्गांतील कुरकुरणारा पंखा होता, पावसाळ्यांत गळणारा जिना होता, आणि धृपदाशीं परत येतांना एक अशी वेडीवांकडी उडी होती कीं ती मी अजून विसरलों नाहीं. यंत्राच्या गीतांतील एकहि स्वर मला आज आठवत नाहीं. कच्चें म्हणून जें टाकलें जातें त्यांतूनच पुढील वर्षींचें थोडें कमी कच्चें निघावयाचें असतें. लार्सनची रचना यंत्राची ठरविणारे श्रोते आणि ह्या मुलाच्या चालीस हंसणारा मी, आम्ही एकाच बांकावर बसलेले आहोंत. पेटी आणून ती चाल मला पुनः ऐकव, असें मीं त्याला सांगितलें आहे. परीक्षा झाल्यावर येतों म्हणाला. परीक्षा होऊन महिना लोटला.

समारंभानंतर दोन दिवसांनीं मामा निवृत्तिवेतनाच्या कागदावर माझी सही घेण्यास आले होते. तें गीत नातवानें त्यांच्या मोबाइलवर घेऊन दिलें होतें, घरीं सगळ्यांनीं तें चारचारदां ऐकलें होतें. जातांना दाराशीं थांबून त्यांनीं विचारलें, “सर, चाल कोणी बांधली हो ती?”

“आपल्याच मुलांनीं,” मी म्हणालों, आणि कागदाची दुसरी प्रत सहीसाठीं पुढें ओढली.