हलवायाच्या घरावर तुळशीपत्र: ‘स्कॅम १९९२’मधली जोखीम कुणाची?

‘स्कॅम १९९२’ ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनाही तिची धून ओळखता येते. नवी गाडी घेतली, जिममध्ये वजन उचललं, पोझिशन नफ्यात गेली, की मागे हीच धून वाजते. रिस्क आणि इश्क यांचं यमक जुळवणारा तो संवादही तसाच. मालिकेतून सुटून तो टी-शर्टवर, स्टेटसवर आणि ट्रेडिंग शिकवणाऱ्यांच्या जाहिरातींत जाऊन बसला. एका आर्थिक घोटाळ्यावरच्या मालिकेतून लोकांनी घरी नेलं ते धाडस. असं का झालं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर प्रेक्षकांच्या उथळपणात शोधून चालणार नाही. ते मालिकेच्या बांधणीतच आहे.

आधी मालिकेला तिचं श्रेय देऊ. हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही दहा भागांची मालिका ९ ऑक्टोबर २०२० रोजी सोनी लिव्हवर आली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं ‘द स्कॅम’ हे पुस्तक तिचा आधार. प्रतीक गांधी त्याआधी हिंदी प्रेक्षकांना फारसा माहीत नव्हता. या कामानं तो घराघरांत पोचला, आणि ते रास्तच होतं. त्याचा हर्षद हसतो तेव्हा समोरचा माणूस आपण फसतोय हे कळूनही थोडा खूश होतो. रोखे बाजार, बँक रिसीट, बदला असले कोरडे विषय मालिकेनं संवादांतून समजतील इतके सोपे केले. परदेशी बँका, सरकारी बँका, दुसरे दलाल असे सगळेच त्याच चिखलात उभे होते, हेही तिनं लपवलं नाही. हिंदीत अर्थव्यवहारावर इतकं नेटकं काम क्वचितच झालं असेल.

मग चुकतं कुठे? मालिका जोखीम चुकीच्या माणसाच्या खात्यावर जमा करते, तिथे.

यासाठी मूळ व्यवहार थोडक्यात समजून घ्यावा लागेल. त्या काळी ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवणं बँकांना सक्तीचं होतं. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी रोकड हवी असली, की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि ठरावीक दिवसांनी थोड्या चढ्या भावानं परत घ्यायचं कबूल करायची. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. नावाला ही खरेदी-विक्री, प्रत्यक्षात तारण ठेवून दिलेलं कर्ज. दर वेळी रोखे इकडून तिकडे पाठवण्याऐवजी विकणारी बँक एक पावती द्यायची: रोखे तुमचे, सध्या आमच्याकडे आहेत. हीच ती बीआर, बँक रिसीट. दोन बँकांच्या मधे दलाल आला. बँकेच्या नावानं निघालेला चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला. सौदा मिटेपर्यंत तो पैसा त्याच्या हाताशी राहू लागला, आणि तिथून तो शेअर बाजारात गेला. पुढे तर मागे रोखेच नसलेल्या बीआर निघू लागल्या. एसीसीचा शेअर काही महिन्यांत दोनशेच्या आसपासून नऊ हजारांजवळ गेला. जानेवारी १९९२मध्ये दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये साडेचार हजारांपर्यंत चढला. त्या तेजीत बँकांच्या तिजोरीतला पैसाही पळत होता, आणि ठेवीदारांना त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे हे कर्ज होतं, पण आपण कर्ज दिलंय हे धनकोलाच माहीत नव्हतं. आपल्याकडे याला चांगली म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याची मिठाई वाटणारा कितीही सढळ हातानं वाटो, त्याला आपण दानशूर म्हणत नाही. मग दुसऱ्याच्या पैशावर डाव लावणाऱ्याला धाडसी का म्हणायचं?

‘जोखीम’ हा शब्द आपण आज ‘रिस्क’चा प्रतिशब्द म्हणून वापरतो. जुन्या बोलण्यात त्याला आणखी एक अर्थ होता. अंगावर दागिने घालून निघालेल्या बाईला घरातली म्हातारी माणसं सांगायची, जोखीम आहे बरोबर, जपून जा. जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेली मौल्यवान चीज. धोका आणि जबाबदारी एकाच शब्दात राहत होती. जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकारही होता. माल सुखरूप पोचला तरच ती हुंडी वटायची. जहाज बुडालं तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्या सावकाराचं. त्याला ते आधीच ठाऊक असायचं, आणि त्या हिशेबानंच तो सौदा करायचा. नुकसान कुणाचं, हे हुंडीच्या प्रकारातच ठरलेलं असे. १९९२च्या बीआरनं नेमकं उलटं केलं. बुडालं तर कुणाचं बुडणार, हे त्या कागदानं झाकून ठेवलं.

आता या नजरेनं मालिकेकडे परत जाऊ. पहिल्याच भागात स्टेट बँकेतला एक घाबराघुबरा कर्मचारी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीत येतो. पाचशे कोटींचा हिशेब लागत नाहीये, हे त्याच्या छातीवर बसलंय. जुन्या अर्थानं जोखीम वाहणारा माणूस तो आहे. पैसा त्याचा नाही, पण तो सांभाळायचा आहे, एवढं त्याला कळतं. विलक्षण सुरुवात आहे ही. पण लगेच मालिका मागे जाते, घाटकोपरच्या लहानशा घरातल्या हर्षदकडे, आणि पुढचे कित्येक भाग त्याच्याबरोबरच चालते. धून त्याची, टाळीचे संवाद त्याचे, वरळीचा समुद्र आणि लेक्सस गाडी त्याची. श्रेया धन्वंतरीची सुचेता प्रश्न विचारते, पुरावे गोळा करते. पण मालिकेचं संगीत तिच्यासाठी क्वचितच उसळतं. मालिकेचं डोकं पत्रकाराबरोबर आहे आणि नाडी दलालाबरोबर. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहणाऱ्याला नाडीच ऐकू येणार. सगळी ऊर्जा एका बाजूला भरून ठेवली, तर कापलेल्या क्लिपमध्येही तीच बाजू उरते.

हर्षदच्या बाजूला आपण इतक्या सहज का जातो, याचं एक कारण मालिकेच्याही आधीचं आहे. आपल्या गोष्टींमध्ये कर्ज म्हटलं की सहानुभूती कर्जदाराला मिळते. बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५चा. भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना ज्याचं नाव हमखास येतं, असा हा मूकपट कर्जाबद्दलच आहे. सावकारापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. तिथपासून आपल्या मनात चित्र पक्कं आहे: सावकार गब्बर, कर्जदार भोळा, आणि खतावणी ही फसवणुकीची जागा. अशा परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकासमोर घाटकोपरहून आलेला, इंग्रजीत अडखळणारा पोरगा बड्या बँकांना गुंडाळतो, तेव्हा तो सूड वाटतो. कर्जदारानं अखेर सावकाराला चकवलं! मालिका या भावनेला वारा घालते. पण इथला धनको सावकार नव्हता. स्टेट बँक आणि तिच्यासारख्या बँकांत निवृत्त शिक्षकाची ठेव होती, लग्नासाठी साठवलेली रक्कम होती. सावकाराचा चेहरा काढून टाकला, की मागे ठेवीदार दिसायला हवा होता. मालिकेत ती जागा जवळजवळ रिकामी आहे.

या रिकाम्या जागेला एक मराठी नावही आहे: कराड. बँक ऑफ कराड ही लहान खासगी बँक. मुंबईतल्या मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेबरोबर तिचं नाव मागे रोखे नसलेल्या बीआर देणाऱ्यांत आलं. तिच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडच्या रकमा त्या कागदांवर होत्या. घोटाळा उघड झाला आणि १९९२मध्येच बँक अवसायनात गेली. पुढे तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे आला. हे सगळं एकट्या हर्षद मेहतांच्या सौद्यांतून झालं नव्हतं, बाजारातले दुसरे दलालही त्यात होते. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या जानकीरामन समितीनं मांडलेला एकूण आकडा चार हजार कोटींच्या वर गेला, तोही अनेकांच्या व्यवहारांचा मिळून. मालिका एका माणसाची कहाणी सांगायची ठरवते, आणि तो तिचा हक्क आहे. पण कॅमेरा दलाल स्ट्रीटवरून एकदा तरी कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या त्या गावात जायला हवा होता. बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभा असलेला एक माणूस दहा भागांच्या मालिकेत जड झाला नसता. तो असता, तर रिस्क आणि इश्कचं यमक दुसऱ्यांदा ऐकताना आपले कान टवकारले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कलाकृती म्हणजे सेबीचं माहितीपत्रक नव्हे. खलनायकाला मोहक दाखवू नका, असा फतवा काढला तर अर्धं साहित्य फेकून द्यावं लागेल. मान्य. माझी मागणी उपदेशाची नाही, नाट्याची आहे. ज्याचं खरोखर काहीतरी पणाला लागलंय, त्याला रंगमंचावर आणा, एवढंच. आणि ते कंटाळवाणं होईल असं मानायचं कारण नाही. जे. सी. चँडोर यांचा ‘मार्जिन कॉल’ हा २०११चा सिनेमा घ्या. एका गुंतवणूक बँकेत रात्री कळतं, की आपल्याकडचे गृहकर्जांवरचे रोखे आपल्याला बुडवणार आहेत. बहुतेक सिनेमा बंद खोल्यांत घडतो. सकाळी ठरतं, की हा कचरा लोकांना कळायच्या आत विकून टाकायचा. मग फोन सुरू होतात. पलीकडे नेहमीचे गिऱ्हाईक, ओळखीचे, विश्वास टाकणारे. जोखीम आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्याची ती कृती आपण डोळ्यांनी पाहतो. त्या लोकांचा राग येतो, थोडी कीवही येते. पण त्यांच्यातल्या एकाचंही वाक्य कुणी टी-शर्टवर छापावं असं वाटत नाही. तो सिनेमा जोखमीला माणसाचा गुण मानत नाही; ती कुणाच्या तरी गळ्यात पडणारी वस्तू मानतो.

हा फरक केवळ समीक्षेपुरता राहत नाही, कारण ही मालिका ज्या काळात आली तो काळ. मार्च २०२०मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती. मार्च २०२४पर्यंत ती पंधरा कोटींवर गेली. यातली अनेक खाती ‘स्कॅम १९९२’च्या प्रेक्षकांची असणार. गंमत अशी, की हे डिमॅट, आजचा राष्ट्रीय शेअर बाजार आणि दात असलेली सेबी, ही सगळी नव्वदच्या दशकात उभी राहिलेली व्यवस्था आहे. तिच्या मागे १९९२चा धडाही आहे. कागदाच्या मागे काहीतरी खरं असावं, हा तो धडा. तो आपल्या फोनमध्ये बसलाय. आपण मात्र त्याच फोनवर नायकाची धून ऐकतोय.

सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त एक टक्का. तिशीच्या आतल्या ट्रेडर्सचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. एकट्या २०२३-२४मध्ये वैयक्तिक आणि इतर ट्रेडर्सनी खर्च धरायच्या आधीच ६१ हजार कोटींच्या वर गमावले. तर स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग करणाऱ्या संस्थांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी कमावले. त्यांचा बहुतेक नफा अल्गोरिदमनं केलेल्या सौद्यांतून आला.

या आकड्यांसमोर ती धून पुन्हा वाजवून पाहा. क्लिप लावणारा पोरगा स्वतःला हर्षदच्या जागी पाहतो. पण हर्षदच्या हाती बँकांचा पैसा होता, आणि या पोराच्या हाती स्वतःचा पगार आहे, कधी पर्सनल लोन आहे, कधी बापाची एफडी. ऑप्शनची मुदत गुरुवारी संपो की मंगळवारी, बुडालं तर ते त्याचंच. गोष्टीत तो दलाल नाहीच. तो हलवाई आहे, आणि तुळशीपत्र दुसराच कुणीतरी ठेवतोय. ‘स्कॅम १९९२’ चांगली मालिका आहे, पुन्हा पाहावी अशी आहे. पुन्हा पाहताना फक्त पहिल्या भागातल्या त्या घामाघूम कर्मचाऱ्यावर नजर ठेवा. तो पडद्यावरून गेल्यावरही, प्रत्येक सौद्याच्या वेळी त्याचा प्रश्न विचारत राहा: हा पैसा कुणाचा आहे? दहा भागांपैकी किती वेळा मालिका त्याचं उत्तर न देता पुढे सरकते, ते मोजा. मग धून तीच राहील, पण तिच्यावर मान डोलवणं अवघड जाईल.