पारख आणि पालन

२०१४ साली आलेला 'मिलियन डॉलर आर्म' हा अमेरिकन बोलपट आपल्याकडे बऱ्याच सुशिक्षित कुटुंबांनी कौतुकाने पाहिला. त्याचे कथानक सत्य घटनेवर आधारलेले आहे. २००८ साली जे. बी. बर्नस्टीन नामक एका क्रीडादलालाने भारतात चेंडूफेकीची स्पर्धा भरविली. क्रिकेटच्या या देशात बेसबॉलला उपयोगी पडेल असा एखादा वेगवान हात सापडेल, ही त्याची अटकळ. हात सापडले, पण ते गोलंदाजांचे नव्हते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन गरीब घरचे तरुण मुळात भालाफेक करणारे. बेसबॉलचा चेंडू त्यांनी पूर्वी हाती धरला नव्हता. अमेरिकेत काही महिने शिक्षण घेऊन त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनीही पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशी करार केला.

विषय मोठा आहे व चित्रपटाची मांडणी रंजक आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. त्यातील वृद्ध पारख्याचे चित्र तर विशेष मार्मिक उतरले आहे. हा गृहस्थ डोळे मिटून बसतो व चेंडू हातमोज्यात आदळल्याच्या आवाजावरून फेकणाऱ्याचे पाणी ओळखतो. अमेरिकेत अशा पारख्यांची मोठी परंपरा आहे. फटका, फटक्यातील जोर, धाव, क्षेत्ररक्षण व फेक या पाच गुणांना ते वीसपासून ऐंशीपर्यंत अंक देतात, आणि गावोगाव हिंडून शाळकरी मुलांची टिपणे ठेवतात. १९६५ पासून तेथे दरवर्षी रीतसर निवड होते व प्रत्येक संघ आपापल्या पाळीने खेळाडू उचलतो. वेगमापक यंत्र आले तरी या माणसांची गरज संपली नाही. कारण यंत्र हात मोजते, माणूस मोजीत नाही.

परंतु आमचा मुख्य आक्षेप येथूनच सुरू होतो. चित्रपट पारखीवर इतका लुब्ध झाला आहे की पालनाचा त्यास विसर पडतो. मध्यंतरी एक प्रसंग असा येतो की परक्या मुलखात एकाकी पडलेले, दलालाने दुर्लक्षिलेले हे दोघे पहिल्याच जाहीर चाचणीत सपशेल फसतात. गुण तोच, हात तोच, उणीव मायेची. येथे लेखकाच्या हाती सत्याचे टोक लागले होते. पण पुढच्या चाचणीत यश येते, करार होतो, आणि जणू जन्माचे कल्याण झाले अशा थाटात पडदा पडतो.

वस्तुतः करार हा बेसबॉलच्या जिन्याची केवळ पहिली पायरी होय. त्याच्या वर कनिष्ठ संघांच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि बहुसंख्य तरुण मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात. या कनिष्ठ खेळाडूंचे वेतन वर्षानुवर्षे अत्यंत तुटपुंजे होते. त्यांच्या संघटनेचा पहिला सामुदायिक करार झाला तो २०२३ साली. दिनेशला २०१० मध्ये संघाने मुक्त केले व तो मायदेशी परतला. रिंकूने कनिष्ठ संघांतून काही वर्षे नेटाने खेळ केला. पुढे दुखापतींनी त्याला गाठले. सर्वोच्च श्रेणीत दोघांपैकी एकही पोहोचला नाही. २०१८ साली रिंकू व्यावसायिक कुस्तीकडे वळला. शीर्षकात दहा लक्ष डॉलर झळकतात. रिंकूला स्पर्धेत प्रत्यक्ष मिळाले एक लक्ष. ही अपयशाची कथा आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अधिक खरी व अधिक करुणरम्य कथा होती, आणि नेमकी तीच सांगावयाची राहिली.

श्रीवर्धनासारख्या गावी बसून हा चित्रपट पाहणारास ही उणीव अधिक बोचते. आमच्या किनाऱ्यावर कबड्डीचा नाद जुना आहे. २०१४ सालीच प्रो कबड्डी लीग सुरू झाली व खेळाडूंचे जाहीर लिलाव होऊ लागले. २०१७ पासून नवोदितांसाठी निवडचाचण्याही निघाल्या. कोल्हापुराकडील चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईस २०१९ च्या लिलावात एक कोटी पंचेचाळीस लक्ष रुपये मिळाले, तेव्हा खेडोपाडीच्या आईबापांच्या मनात आशेचा अंकुर फुटला असल्यास नवल नाही. परंतु मातीवर तरबेज झालेल्या पोरास मॅटवर बूट घालून खेळण्याची सवय कोण लावणार? गुडघा दुखावला तर उपचार कोण करणार? जेथे रेल्वे गाठण्यास माणगावापर्यंत जावे लागते, तेथून मुंबईच्या सरावास तो रोज कसा पोहोचणार? पूर्वी रेल्वे, पोलीस, बँका व कारखाने यांचे संघ खेळाडूस नोकरी देत. लिलावाइतकी दीप्ती त्या नोकरीत नव्हती, पण खेळ सुटल्यावरही चूल पेटत असे.

श्रीवर्धनास या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. येथील देशमुख घराण्यातले बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून घाटावर गेले. त्यांस कोणी एका दिवसाच्या चाचणीत पेशवा निवडले नाही. धनाजी जाधवांच्या पदरी कारकुनी, पुढे सुभेदारी, मग सेनाकर्ते हे पद, आणि अखेर १७१३ साली शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे, असा तो क्रम आहे. प्रत्येक पायरीवर त्यांस काम मिळाले, चुकण्यास अवसर मिळाला, आणि पाठीशी कोणी उभे राहिले. राज्यकारभार व खेळ यांची तुलना ताणू नये हे खरे. तथापि गुण वाढण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून वाचकांनी हा चित्रपट मुलांसह अवश्य पाहावा, पण पडदा पडल्यावर 'पुढे काय झाले?' हा प्रश्न मुलांस विचारू द्यावा. रत्न हेरणाऱ्याचा सत्कार आपला समाज हौसेने करतो. ज्याची निवड झाली नाही, किंवा होऊन जो परत आला, त्याच्या ताटात काय पडते यावरूनच आपल्या गुणग्राहकतेची किंमत ठरावयाची आहे.